चाळिसाव्याच्या आतले सूर

“माझ्या आईच्या कबरीवरची माती अजून सुकली नाही… आणि माझी मुलगी डोंगरावर पियानो बडवायला जाणार? या घरात कुणाला लाज उरली आहे की नाही!” फारेसने पियानोचं झाकण असं आपटलं, की आतल्या तारा कितीतरी वेळ कण्हत राहिल्या.

त्याच्या थोरल्या बहिणीने, अफाफने, कडू कॉफीचा ट्रे खाली ठेवला. आई गेल्यापासून लेबनॉनमधल्या झाहले गावातल्या त्या घरात काळे कपडे, बिनसाखरेची कॉफी आणि बंद रेडिओ, एवढंच उरलं होतं. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत दुःखाच्या घरात सूर उमटू द्यायचा नाही, ही पिढ्यानपिढ्यांची रीत! रीत अफाफलाही मान्य होती. पण दाराआड ओठ चावत हुंदका गिळणारी नाया तिला बघवेना… भावाची ही एकुलती एक पोर, जन्मदात्री पाळण्यातच सोडून गेलेली. तिला आत्या म्हणून आणि आई म्हणूनही अफाफनेच वाढवलं होतं. सबंध खोऱ्यातून मोजकी मुलं उन्हाळी पियानो शिबिरासाठी निवडली गेली, त्यांत नाया होती, आणि शिबिर नेमकं चाळिसाव्याच्या आत येत होतं.

“तिच्या वाटणीचं सुतक मी पाळीन,” अफाफ म्हणाली. “एक वर्ष माझं, एक वर्ष तिचं. दोन वर्षं अंगावर रंगीत कपडा घालणार नाही. मग तर झालं?”

“लोक काय म्हणतील?”

“लोक आजवर कधी गप्प बसलेत, म्हणून आता बसतील!”

“नेऊन तर बघ तिला, ताई… मग तुला भाऊ नाही, एवढं लक्षात ठेव!”

भाऊ नाही! काळजात सुरी फिरावी तसे ते शब्द फिरले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी नायाचा हात धरून ती डोंगरावर जाणाऱ्या टॅक्सीत बसली. शिबिर होतं नन्सच्या जुन्या शाळेत. वर्गावर्गांतून पियानो मांडलेले, आणि दाराशी ठणठणीत आवाजाच्या सिस्टर मार्ता सगळ्या मुलांचे फोन एका भल्यामोठ्या पातेल्यात गोळा करत उभ्या. “रविवारी जेवायला या, तेव्हा पोरगी परत मिळेल. फोन मात्र शेवटीच!” त्या हसून म्हणाल्या.

तो सगळा आठवडा फारेस बहिणीशी एक अक्षर बोलला नाही. तिने वाढलेलं ताट तसंच राही, आणि तो दुकानातून काहीबाही खाऊन येई. ज्या भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, तो समोरून असा जाई, जणू तिथे कुणी उभंच नाही! तिने डोळे पुसले, आणि रविवारसाठी किब्बे, खिम्याचे वडे, तळायला घेतले.

रविवारी शाळेच्या अंगणात नुसती जत्रा होती. रंगीबेरंगी कपड्यांतल्या आयांमध्ये नखशिखान्त काळी अफाफ अवघडून उभी होती, इतक्यात उन्हाने लाल झालेल्या नाकाची नाया येऊन गळ्यातच पडली. “आत्या! वरच्या पलंगावरची ती त्रिपोलीची मुलगी झोपेतसुद्धा ताल मोजते! आणि जेवणघरातल्या पियानोवर कुणीतरी ऑलिव्हचं तेल सांडलं, आता दोन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत! आणि जेवणानंतर आम्हाला वाजवायचंय, मी जाते सराव करायला!”

“अगं, एक घास तरी… तुझ्याच हातची माती मला मिळो गं पोरी!” तिकडच्या बायका जीव ओवाळून टाकताना म्हणतात तसं ती म्हणाली, पण पोर केव्हाच पसार झाली होती.

आणि तेवढ्यात फाटकातून फारेसची गाडी आत आली.

“कुठंय ती? आत्ताच्या आत्ता घरी नेतो!” तो तरातरा सरावाच्या खोल्यांकडे निघाला. किब्ब्यांची परात कमरेवर धरून अफाफ त्याच्यामागे धावली. ओळीने बंद दारं, आणि प्रत्येक दारामागे वेगळंच काही वाजत होतं. त्याने पहिलं दार ढकललं. “काका, दार लावा ना, माझं मोजायचं चुकलं!” जाड भिंगांचा एक मुलगा ओरडला. दुसऱ्या खोलीत एकाच स्टुलावरून दोन बहिणींची जुंपली होती. तिसऱ्या खोलीतल्या मास्तरांनी नुसता डोळा वटारला, आणि फारेससारखा गडी शाळकरी पोरासारखा “माफ करा” म्हणून मागे सरला.

शेवटच्या दाराशी मात्र त्याचा हात कडीवरच थिजला…

आतून एक सूर येत होता. पीठ मळताना आई गुणगुणायची तो! त्यातला एक स्वर पियानोवर नसतोच, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतो. नाया त्या दोन्ही पट्ट्या अलगद एकत्र दाबत होती, आणि तो स्वर अगदी आईच्या थकल्या गळ्यासारखा कापत होता.

“ताई…” फारेसने कपाळ दाराला टेकलं. “ताई, आई आत आहे गं!” दफनाच्या दिवशीही न रडलेला तो माणूस तिथे हमसून हमसून रडला. वळून पाहतो तो अफाफच्या डोळ्यांतूनही धारा, आणि तिची बोटं परातीच्या कडेवर हलत होती… नायाच्या बरोबरीने, अचूक!

“तू… तू वाजवायचीस?”

“बाबा गेले तेव्हा माझी संगीत विद्यालयाची परीक्षा होती. चाळिसाव्याच्या आतच. आई म्हणाली, जा. पण तू उंबऱ्यात आडवा पडलास… ‘ताईने वाजवलं तर बाबांना वाटेल आपण त्यांना विसरलो!’ एवढासा होतास रे, तुला आठवणारही नाही. तुला ओलांडून मला जाता आलं नाही.”

“मग पुढच्या वर्षी?”

“पुढे आईचं दुखणं आलं, घर आलं… तू होतास.”

“एवढी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुला झोप लागली असती का, वेड्या?”

जेवणानंतर नाया वाजवायला बसली, तेव्हा सर्वांत पुढच्या खुर्चीवर तिचे बाबा होते. सूर आजीच्या त्या कापऱ्या स्वरावर आला, आणि “आह! जियो माझी लेक!” म्हणून फारेस भर सभेत ओरडला. मास्तरांनी पुन्हा डोळा वटारला, पण आता ऐकतो कोण! टाळ्या थांबायच्या आत त्याने शेजारच्या अनोळखी बाईकडे तिची केशरी शाल मागितली. काय समजायचं ते ती समजली. दुःखातल्या माणसाच्या अंगावर जवळच्याने रंग घातला, की त्याचं काळं सुटतं. सर्वांदेखत त्याने ती शाल बहिणीच्या खांद्यांवर पांघरली, आणि बायकांनी जिभा हलवून असा काही मंगल कल्लोळ केला, की सभागृहाच्या खिडक्या खणाणल्या.

“आत्या, ये ना! डावा हात तुझा!” नायाने स्टुलावर सरकून जागा केली.

“छे गं, मला कुठलं आता…” अफाफ मागे सरली, तशी फारेसने तिला दंडाला धरून पुढे आणलं.

“जा, ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आज वाट अडवायला कुणी पडलेलं नाही.”

अफाफ बसली, तिने हात टेकले, आणि सगळ्या सभेदेखत पहिलाच सूर चुकीचा वाजवला… आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली, की नायाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.