लाल रेघेखालची वाळू

अरे, बाउतिस्ताच्या क्वाडचं, म्हणजे त्या चारचाकी मोटारसायकलचं, इंजिन फुटलं ना, तेव्हा आम्ही सगळे वाळूच्या मोठ्या टेकडीवरच शर्यत बघत उभे होतो! आवाज असा, की कुणीतरी लोखंडी बादलीत फटाका लावलाय. मागची दोन्ही जाड चाकं जागीच अडकली, क्वाडनं कोलांटी मारली आणि चालवणारा रुफिनो खाली. मांडीचं हाड मोडलं.

आम्ही धावतोय तोवर मालक आधी पोचला. रुफिनोकडं नाही हं, क्वाडकडं. बाउतिस्ता एचेवेर्स, ब्यूनोस आयरेसचा. दर उन्हाळ्यात आमच्या समुद्रावर कॅरव्हॅन लावतो आणि आम्हाला खेकडे समजतो.

"ओरेस्ते!" तो बोंबलला. "त्या म्हाताऱ्या लोहारानं माझी गाडी मारली!"

ओरेस्ते म्हणजे आमच्या गावातला मेकॅनिक. इंजिन त्यानंच बांधलेलं. आणि शर्यतीच्या क्लबचा नियम माहितीये ना? मेकॅनिकच्या चुकीनं माणूस जखमी झाला, तर तो मेकॅनिक जन्मभर शर्यतीबाहेर. ओरेस्तेचं वर्कशॉप वर्षभर या उन्हाळ्यावरच चालतं. म्हणजे संपलाच की!

निकाल द्यायचा होता सुलेमा पाचेकोनं. ही बाई पूर्वी बसच्या डेपोत इंजिनं तपासायची, आता आमच्या क्लबची तांत्रिक तपासनीस. जगातल्या निम्म्या लोकांना ती मूर्ख समजते. उरलेले निम्मे तिला अजून भेटलेले नाहीत.

त्यात त्या रविवारी डोकं आधीच फिरलेलं. सकाळीच राजधानीच्या बसमधून उतरली होती. पुढं बसलेल्या बाईनं सीटची पाठ मागं पाडली ती रात्रभर उचललीच नाही.

"कुणी काही पुसू नका, कुणी काही शिवू नका," सुलेमा म्हणाली. "आणि रडायचं असेल त्यानं समुद्राकडं तोंड करून रडा."

आधी ओरेस्ते.

"काय काय केलंस या इंजिनाला?"

"विचारताय काय! नवा पिस्टन, नव्या रिंगा, कॅम बदलला, कार्ब्युरेटर मोकळा केला. या किनाऱ्यावर असं इंजिन दुसरा कुणी—"

"आरती नंतर ओवाळ. ताकद किती वाढवलीस?"

"पेट्रोल पंपावरचं साधं पेट्रोल सोसेल तेवढीच. म्हणून तर सिलिंडरच्या बुडाशी मुद्दाम जाड गॅस्केटचं कडं घातलं. हा शहाणा म्हणत होता, अजून वाढव. म्हटलं, साहेब, शर्यत संपवायचीय की गाडी?"

"नंतर उघडलंस?"

"नाही. शुक्रवारपासून गाडी यांच्याकडंच. शनिवारी दिवसभर मी वर्कशॉपमध्ये होतो, अर्ध्या गावानं बघितलंय. आणि माझ्या खुणा बघा की! नट आवळला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल रंगाची रेघ मारतो. कुणी फिरवला तर रेघ तुटते."

सुलेमा वाकली. सगळ्या रेघा सरळ. एकही तुटलेली नाही.

"गाढवा," ती म्हणाली, "हे तर तुझ्याच विरुद्ध गेलं."

ओरेस्तेचं तोंड असं उतरलं, की आम्हालाच कसंतरी झालं.

मग बाउतिस्ताची कॅरव्हॅन. दारात त्याची बायको डेल्फिना बसली होती. नखं लालचुटुक, एका नखाचा रंग उडालेला. सुलेमानं तिच्याकडं बघितलं आणि नाक असं वाकडं केलं, जसं काही कुजलंय.

"तुम्ही!" डेल्फिना ओशाळली. "बसमध्ये माझ्या मागं..."

"मागं नाही. खाली."

डेल्फिनानं बिचारीनं घाईघाईनं येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या चहाचा, पेला भरून नळीसकट पुढं केला. सुलेमानं एक घोट ओढला आणि थांबली.

"हे काय आहे? संत्र्याची साल? वर साखर?"

"मला असंच आवडतं. नारिंगी पाकिटातलं."

"येर्बा कडू असते, मुली. हे आजारी पोपटाला द्यायचं सरबत आहे." पेला परत दिला. "साहेब, तुम्ही काल कुठं होतात?"

"इथंच. झोपलो होतो दिवसभर," बाउतिस्ता म्हणाला. "आणि आजी, मला काय विचारता? मी आयुष्यात पाना हातात धरलेला नाही. त्यासाठी माणसं असतात."

"आजी तुझ्या घरी. शुक्रवारी म्हणे टेकडी चढायला गेला होतात?"

तो लालबुंद झाला. अरे, आम्ही बघितलं होतं ना ते! सरावाला स्वतः गाडी घेऊन गेला, अर्ध्यात रुतला, आणि शेजारच्या तंबूतली बारा वर्षांची पोरगी भुर्रकन त्याच्या बाजूनं वर! अख्खा किनारा हसला होता.

"गाडीत दमच नव्हता," तो पुटपुटला.

मग प्रथमोपचाराचा तंबू. रुफिनोचा पाय फळीला बांधलेला, घाम सुटलेला.

"आज गाडी कशी होती रे?"

"माजलेली, बाई! शुक्रवारी मी चालवून बघितली, त्यापेक्षा कितीतरी जोरात. पण चढावर आतून खडखड यायची. डब्यात खडे हलवल्यासारखी."

"आणि तू तरी दामटवलीस."

"पुढं होतो ना मी!"

"शाबास. आता पलंगावर पहिला ये." पण जाता जाता तिनं त्याची उशी नीट केली. आम्ही बघितलं.

परत क्वाडपाशी आल्यावर तिनं भिंग काढलं आणि रेघा बघत बसली. बघतच बसली! मग एकटीनंच नट खोलून सिलिंडर उचलला, आतून काहीतरी काढून खिशात घातलं, आणि म्हणाली, "बोलवा सगळ्यांना."

सगळे जमले. सुलेमानं एक नट वर धरला.

"दिवसभर सगळे एकच विचारतायत. इंजिन बिघडवलं कुणी? अरे, बिघडवलेली गाडी शुक्रवारपेक्षा जोरात पळते का? कुणी बिघडवलेलं नाही. कुणीतरी सुधारलंय. मूर्खानं सुधारलं की असंच होतं."

तिनं नटावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"या रेघेखाली वाळूचे कण आहेत. रेघेवर नाही, खाली. ओरेस्तेनं रेघा मारल्या त्या वर्कशॉपमध्ये, नव्याकोऱ्या, स्वच्छ इंजिनावर. मग खाली वाळू कशी? म्हणजे इंजिन इथं टेकडीवर आल्यावर उघडलं गेलं आणि रेघा नव्यानं मारल्या. शिवाय यात चमकी आहे. ओरेस्ते, तू रंगात चमकी घालतोस?"

"मी काय नाचायला जातो?"

"हे नेलपॉलिश आहे."

सगळ्यांच्या माना डेल्फिनाच्या नखांकडं वळल्या. तिनं मुठी मिटल्या. "माझी बाटली... ती तर मी इथं कॅरव्हॅनमध्येच—"

"डेल्फिना!" बाउतिस्ता उसळला. "तू? तरीच! काल दुपारी बघितलं मी हिला. येर्बाचं पाकीट फाडून कात्रीनं गोल कापत बसली होती. मला वाटलं, बायकांची काहीतरी कलाकुसर!"

डेल्फिना त्याच्याकडं बघतच राहिली.

सुलेमा हसली. शपथेवर सांगतो, तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. भयानक दिसतं.

"पाकीट?" ती म्हणाली. "मी नेलपॉलिशबद्दल बोलले. पाकिटाचं नाव कुणी काढलं?"

तिनं खिशातून तेलानं भिजलेलं कागदाचं कडं काढलं. एका बाजूनं नारिंगी.

"हे सिलिंडरच्या बुडाशी होतं. जाड गॅस्केटच्या जागी येर्बाच्या पाकिटाचा कागद. सिलिंडर खाली बसला, पिस्टन वरच्या झाकणाच्या जवळ गेला, दाब वाढला. ताकद वाढली, खरंय! पण साधं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही, ते आधीच भडकतं. तीच रुफिनोची खडखड. शेवटी पिस्टनला भोक पडलं आणि चाकं अडकली. हा कागद आतापर्यंत मी सोडून कुणी बघितला नव्हता. ज्यानं घातला, तो सोडून."

"सांगितलं ना, हिला बघितलं मी! काल!"

"काल ही राजधानीत होती. रात्रभर बसमध्ये हिचं डोकं माझ्या गुडघ्यांवर होतं."

बाउतिस्ता गर्रकन बायकोकडं वळला.

"गुरुवारी गेले होते मी," डेल्फिना हळू म्हणाली. "आईकडं. तुला आठवतही नाही?"

"एक पोरगी पुढं गेली म्हणून याचं नाक कापलं गेलं," सुलेमा म्हणाली. "म्हणून हा चोरून मेकॅनिक झाला. जिंकलो तर माझी गाडी, फुटली तर ओरेस्तेची चूक, तेवढ्यासाठी त्या रेघा. आणि पकडला गेला, तर बायको आहेच. स्वतः बसायची हिंमत नव्हती, म्हणून रुफिनोला बसवलं. ओरेस्ते सुटला. साहेब, जन्मभर बाहेर जाशील तो तू. आणि दवाखान्याचं सगळं तूच बघायचंस."

ओरेस्तेनं ते कडं हातात घेतलं, उजेडात धरलं. डोळे भरलेले होते त्याचे, पण ऐकेल तो ओरेस्ते कसला!

"कापलंय सुद्धा वाकडं," तो म्हणाला.

डेल्फिना आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या अंगावरून गेली, पण थांबली सुलेमापाशी.

"परतीच्या बसला जागा असेल?"

"असेल," सुलेमा म्हणाली. "पण या खेपेला तू मागं बसायचं. पुढं मी."