हॉलमधली बोली

हे मी कुणाला पटवायला सांगत नाहीये. माझ्या बायकोलाच पटलेलं नाही. कॅरन म्हणते, "डेल, तुम्ही आत्या-भाचे त्या दिवशी नक्की कॉफीच पीत होतात ना?"

कॉफीच पीत होतो.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपार. आयली आत्याचं स्वयंपाकघर. बाहेर लेक सुपिरियरवरून बर्फाचं वादळ येत होतं आणि टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता.

जे ऐकलं, ते दोघांनी ऐकलं.

आत्या शहाऐंशीची आहे. मिशिगनच्या या वरच्या टोकाला, आमच्या फिनिश वस्तीत, सरोवराच्या काठावर एकटी राहते. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा ऊर्हो, बचाव होडीवर होते. १९२६च्या वादळात एक मालवाहू जहाज खडकावर चढलं, तेव्हा त्यांच्या होडीने त्यावरची माणसं काढली. आजोबांना चांदीचं पदक मिळालं. मागे त्यांचं नाव कोरलेलं.

वर्षभरात त्यांनी ते विकून टाकलं.

का विकलं, कुणाला विकलं, कधी बोलले नाहीत. आत्याचा जन्म त्यानंतरचा. तिने ते पदक कधी पाहिलंच नव्हतं.

आणि आता ते ओहायोतल्या एका नाण्यांच्या लिलावात निघालं होतं. ऑनलाइन. आत्याने छप्पर बदलायला ठेवलेले पैसे काढले.

"आत्या, छप्पर गळतंय," मी म्हटलं.

"गळू दे. बाबांचं नाव परक्याच्या कपाटात नको."

सकाळपासून आम्ही बसलो होतो. आमचा नग यायचं नाव नाही. नुसती नाणी, नाणी, नाणी. एका पेनीवर दोन माणसं अर्धा तास भांडत होती.

"काय रे हे! पेनी आहे ना ती?" आत्या करवादली.

"दुर्मिळ आहे, आत्या."

"माझ्या शिवणाच्या डब्यात बघ. असल्या ढीगभर पडल्यात."

तेवढ्यात साइटने मला बाहेर काढलं. पासवर्ड टाकला, चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. नवीन मागवला, तर तो येईना. वादळामुळे इंटरनेट गचके खात होतं. मी टेबलावर मूठ आपटली. वेलदोड्याच्या पावाची ताटली उडाली.

"आपटून येणार आहे का तो?" आत्या म्हणाली. "फोन लाव त्यांना."

लावला. ब्रिआना नावाची मुलगी होती. आवाज दमलेला, पण बिचारी चांगली होती. तिने मला परत आत घेतलं.

मी विचारलं, "हॉलमध्ये गर्दी आहे का हो? फार चढणार का भाव?"

"हॉलमध्ये कुणीच नाही, सर. बर्फामुळे रस्ते बंद आहेत, म्हणून हॉल बंदच ठेवलाय. आज सगळं ऑनलाइन. इथे फक्त गॉर्डन, मी, आणि रिकाम्या खुर्च्या."

गॉर्डन म्हणजे लिलाव पुकारणारे गृहस्थ. टक्कल, गळ्याला बो टाय. कॅमेरा त्यांच्यावरच रोखलेला. हॉल आम्हाला दिसत नव्हता.

"फोन ठेवू नका," मी ब्रिआनाला म्हटलं. "मला परत बाहेर काढलं तर?"

"बरं सर. आहे मी."

आणि आमचा नग आला.

पदक पडद्यावर दिसलं. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी बोली लावली. पडद्यावर नावाऐवजी राज्य आलं... मिशिगन.

"मिशिगनची बोली आहे," गॉर्डन म्हणाले. "आणखी कोणी? नाही? मग देतोय मी..."

ते थांबले.

मान वर केली. कॅमेऱ्याच्या पलीकडे, लांब कुठेतरी बघितलं...

"हां. हॉलमधली बोली. मागे उभे आहेत ते साहेब."

मी आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे.

मी बटण दाबलं. मिशिगन.

"मागचे साहेब," गॉर्डन लगेच म्हणाले.

परत दाबलं.

"मागचे साहेब."

मला घाम फुटला. भीतीने नाही, संतापाने. मी फोनवर ओरडलो, "अहो बाई, तुम्ही तर म्हणालात हॉलमध्ये कुणी नाही!"

"नाहीये, सर."

"मग बोली कोण लावतंय?"



ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, मी हॉलच्या दारातच उभी आहे. सगळ्या खुर्च्या मला दिसतायत. कुणीही नाही."

"मग ते बघतायत कुणाकडे?"

"मलाही तेच कळत नाहीये..."

लॅपटॉपमधून एक आवाज यायला लागला.

टप.

...टप.

आत्याने नळाकडे बघितलं. नळ बंद होता. तिने छताकडे बघितलं. छत त्या दिवशी गळत नव्हतं, सगळं गोठलेलं होतं.

आवाज त्या हॉलमधून येत होता.

मी चिडून एकदम मोठी बोली लावली. छपराच्या पैशांचं टोक गाठलं. आता याच्या वर आमच्याकडे काही नव्हतं.

"मिशिगन!" गॉर्डन खूश झाले. आणि मग हसत हसत मागे बघून म्हणाले, "साहेब, हात खाली घेतलात तरी चालेल. मी बघितलंय तुम्हाला."

थांबले.

हसू थोडं ओसरलं.

"साहेब... हात खाली घ्या ना."

आत्याने माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"डेल. सोड."

"आत्या, मी कॅरनला विचारतो. आमच्याकडचे थोडे घालतो. एवढ्यासाठी हरायचं?"

"सोड म्हणते ना!"

आणि मग तिने ते सांगितलं. आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"एक जण राहिला होता. जहाजावरचा स्वयंपाकी. होडी भरली होती, लाटा डोक्यावरून जात होत्या. निघाल्यावर बाबांनी मागे वळून बघितलं, तर तो डेकवर उभा. हाक नाही, आरडाओरडा नाही. नुसता हात वर केलेला. जहाज मोडेपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही."

मी बटणावरचं बोट उचललं.

"बाबा शेवटच्या आजारात हेच म्हणत राहायचे. त्याला हात खाली घ्यायला सांगा..."

पडद्यावर गॉर्डन म्हणाले, "मिशिगन? नाही? मग हॉलला देतोय. एक... दोन..."

हातोडी पडली.

टपटप थांबली.

"अभिनंदन, साहेब. आपला क्रमांक सांगता का?" गॉर्डननी पेन उचललं. "साहेब...? अहो, असे कुठे निघालात?"

आणि चित्र गोठलं. गॉर्डनचं तोंड अर्धवट उघडं, पेन हवेत.

फोन मात्र चालू होता. ब्रिआनाचा श्वास ऐकू येत होता.

"सर," ती म्हणाली, "माझ्या शेजारून काहीतरी गेलं. दार उघडलं नाही... पण गेलं. माझी बाही ओली झालीये."

फोन कटला.

आत्याने ताटल्या आवरल्या. मला पदक गेल्याचं इतकं वाईट वाटत होतं की भीती वाटायला सवडच नव्हती. सकाळपासून जीव काढला, तो कशासाठी?

सोमवारी ब्रिआनाने स्वतःहून फोन केला. तिच्या स्वतःच्या नंबरवरून.

पदक काचेच्या कपाटात नव्हतं. कपाटाला कुलूप तसंच होतं. आतली मखमल पिळून काढता येईल इतकी ओली.

"पोलिसांत दिलं का?" मी विचारलं.

"नाही, सर. गॉर्डन म्हणतात, चोरी कसली? गिऱ्हाइकाने पैसे दिलेत."

"पैसे?"

"मागच्या रांगेतल्या खुर्चीवर होते. चांदीचे डॉलर. जुने. वाळूने माखलेले, ओले. गॉर्डननी भिंगातून एकेक बघितला. आजच्या भावाने बोलीपेक्षा जास्तच भरतात म्हणे. एकही १९२६ नंतरचा नाही."

"आणि ते साहेब कोण होते, ते काय म्हणतात?"

"म्हणतात, उंच माणूस होता, लोकरीचा कोट होता. चेहरा आठवत नाही. जास्त विचारलं की चिडतात. मी नोकरी सोडतेय, सर."

मी तडक आत्याकडे गेलो. म्हटलं, हिला सांगितलं पाहिजे.

ती ऐकत राहिली. मी डॉलरांचं सांगितल्यावर मात्र तिने कप खाली ठेवला. खिडकीतून सरोवराकडे बघितलं.

"बाबा म्हणायचे, तो आधी सगळ्यांबरोबर कठड्यापाशी होता," ती म्हणाली. "दोर धरून. उतरणारच होता. मग एकदम मागे फिरला आणि खाली केबिनमध्ये गेला. वर आला तेव्हा होडी सुटली होती."

"खाली कशाला गेला?"

"पगार आणायला. अख्ख्या हंगामाचा."

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

पुढे काही घडलं नाही. आत्याने छप्पर बदलून घेतलं. हिवाळा गेला. मी ते डोक्यातून काढायला बघत होतो.

आणि गेल्या आठवड्यात मला लिलाववाल्यांची ईमेल आली. नवीन लिलाव. वर पहिलाच फोटो... चांदीचे डॉलर. घासून लख्ख केलेले. खाली लिहिलेलं, 'आपल्याला आवडतील असे नग'.

मी फोन केला. म्हटलं, ते विकू नका. ज्याचे आहेत त्याचे आहेत. त्यांनी मला दुसऱ्या माणसाकडे जोडलं, त्याने तिसऱ्याकडे. मग बराच वेळ पियानो वाजत राहिला. शेवटी एक बाई म्हणाली, "सर, तुम्हाला हवे असतील तर बोली लावा ना!"

आत्याला सांगायला नको होतं. पण सांगितलं.

ती म्हणते, परक्याच्या हातात जाता कामा नयेत. आपण घेऊ. घेऊन काय करायचं, ते तिलाही माहीत नाही.

लिलाव या शनिवारी आहे. तिने सकाळीच फोन करून सांगितलं, लॅपटॉप घेऊन ये, मी पाव करून ठेवते.

मी अजून हो म्हटलेलं नाही.