ट्रॉलरची पलीकडची बाजू

"आली रे आली! बोट आली!"

प्रवीणने सायकल तशीच बांधावर आडवी टाकली आणि पळत सुटला. त्याच्यामागे दीपा, दीपामागे निकिता. भाऊबीज कालच झालेली. सुट्टी अजून भरपूर शिल्लक. आणि राहुरीच्या रस्त्यावरून, उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत घुसून, एका लांबलचक ट्रेलरवर बसून चक्क एक ट्रॉलर येत होता!

हो, ट्रॉलरच! समुद्रात मासे धरतात तो! निळा, चकचकीत, आणि नाकावर लिंबू-मिरची बांधलेली.

"आयला, केवढा हाय!" प्रवीण म्हणाला. "आपल्या धरनात मावंल का?"

"धरन म्हंजे काय तुझ्या घरची टाकी हाय का?" दीपा म्हणाली.

निकिता नुसती बघत होती. कारण ती बोट तिच्यासाठी येत होती.

निकिता आणि प्रवीण राहायचे पल्याडवस्तीत. मुळा धरणाचं पाणी फुगलं की वस्ती एका काठाला आणि चिंचओहळ गाव दुसऱ्या काठाला. शाळा गावात! मग रोज थर्माकोलच्या तराफ्यावर बसायचं. दप्तर पोटाशी, चपला हातात, आणि हलायचं नाही. मागच्या पावसाळ्यात तराफा कलंडला आणि निकिताचा धाकटा भाऊ सुनील पाण्यात गेला. आईने त्याला केसाला धरून वर काढला. तेव्हापासून सुनील शाळेचं नाव घेत नाही. पाणी दिसलं की घरात जाऊन बसतो.

म्हणून ग्रामसभेने ठरवलं, बोट घ्यायची. जुनी का असेना, पण मोठी घ्यायची. सकाळ-संध्याकाळ पोरं न्यायची आणि मधल्या वेळात मासेमारी करायची.

बोट घेऊन आला होता अजिनाथशेठ. पांढरे कपडे, काळा गॉगल. आजवर तो नेवाशापासून संगमनेरपर्यंत जुने ट्रॅक्टर विकायचा. बोट पहिल्यांदाच विकत होता.

"तात्या, बोट म्हंजे काय?" तो सरपंचांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "पान्यावरचा ट्रॅक्टर!"

रंगनाथतात्या हसले. ते गावचे सरपंच आणि दीपाचे वडील. नुसता आवाज ऐकून कुठल्याही ट्रॅक्टरचं दुखणं सांगायचे. पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं!

"मग उद्या सकाळी इंजिन ऐकतो," तात्या म्हणाले. "इंजिन चांगलं तर सगळं चांगलं. परवा नारळ फोडू, व्यवहार करू आनि पोरांना पहिली चक्कर मारू."

क्रेनने ट्रॉलर पाण्यात उतरवला. गावाने टाळ्या वाजवल्या. पोरींनी सेल्फी काढले. बोट कुणी बघितली? कुणीच नाही!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर धुकं होतं. निकिता आणि प्रवीण तराफा वल्हवत गावाकडे निघाले होते. प्रवीणच्या तोंडात चकली होती.

"थांब," निकिता म्हणाली.

"काय झालं? साप?"

"साप न्हाई. ते बघ. बोटीतनं पानी पडतंय."

खरंच! ट्रॉलरच्या पाण्याकडच्या बाजूला, वरच्या फळीखाली एक काळा पाइप होता. त्यातून पाण्याची धार पडत होती. थोडा वेळ पडायची, थांबायची, परत सुरू व्हायची. गावाच्या काठावरून हे कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. पल्याडहून येणाऱ्यालाच दिसणार!

"इंजिनाचं असंल," प्रवीण म्हणाला.

"इंजिन बंद हाय की! काय आवाज येतोय का?"

प्रवीणने चावणं थांबवून कान दिला. इंजिनाचा आवाज नव्हता. आतून फक्त बारीक गुणगुण येत होती. कूलरची मोटर फिरते तशी.

"पंप!" दोघं एकदम म्हणाले.

"पन कोरड्या बोटीला पंप कशाला?" प्रवीण म्हणाला.

निकिताने तराफा ट्रॉलरला लावला. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बोटीच्या फळीवर वाजवलं. टण! पुढे सरकली. टण! टण!

"हे काय करतीस?"

"आई पनत्या घेताना वाजवून घेती का न्हाई? चिरलेली पनती बद्द वाजती. गप, ऐकू दे."

टण. टण. टण. मागच्या बाजूला, पाण्याच्या जरा वर, थप्प!

"परत वाजव!"

थप्प. थप्प. हातभर जागा नुसती थप्प! चकचकीत निळ्या रंगाखाली काहीतरी मेलेलं होतं.

"चल वर," निकिता म्हणाली.

"चोरून?"

"चोरून कशाला? ज्या बोटीत आपन बसनार, ती बघायला चोरी कसली?"

दोघं वर चढले. प्रवीण लगेच मधल्या लाकडी खोक्यावर ऐटीत बसला आणि उडालाच!

"आई गं! तवा हाय का काय हा!"

ते इंजिनाचं झाकण होतं. एवढ्या थंडीत गरम! म्हणजे कुणीतरी आत्ताच इंजिन चालवून बंद केलं होतं.

"ए कार्ट्यांनो! उतरा खाली!"

काठावर अजिनाथशेठ उभा होता, हातात चहाचा ग्लास घेऊन. गॉगल एवढ्या सकाळीही होताच!

"शेठ, हा पाइप कसला?" निकिताने विचारलं.

"तुला काय करायचंय? बोटी अशाच असत्यात. पळ!"

तेवढ्यात तात्या आले. दीपाही सोबत होती. तात्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाले, "मार सेल्फ!"

अजिनाथशेठने बोटीवर चढून चावी फिरवली. धडधडधड! एका झटक्यात इंजिन चालू!

"वाऽऽ!" तात्या डोळे मिटूनच म्हणाले. "एवढ्या थंडीत एका सेल्फात! जिवंत इंजिन हाय!"

"तात्या, ते आधीच गरम हुतं!" प्रवीण ओरडला. "माझं ढुंगन भाजलं!"

सगळे हसले. तात्यासुद्धा!

"आनि तात्या, पलीकडनं पानी पडतंय," निकिता म्हणाली. "आत पंप हाय. मागची फळी बद्द वाजतीय. तुमी या ना आमच्या तराफ्यात, दाखवते."

"मी? थर्माकोलवर?" तात्यांनी हात झटकला. "हे बघ पोरी, इंजिन म्या ऐकलंय. मोठ्यांच्या व्यवहारात लुडबुड करू नका. तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

अजिनाथशेठने चहाचा घोट घेतला आणि निकिताकडे बघून हसला.

ते हसू तिच्या डोक्यात गेलं.

*

तिघं चिंचेखाली बसले. दीपा नखं खात होती.

"आपन गप बसलो तर?" प्रवीण हळूच म्हणाला. "म्हंजे बघ. ही बोट नको म्हनलं, तर दुसरी कधी येनार? परत थर्माकोल! मला न्हाई बसायचं त्याच्यावर."

"मला बसायचंय का?" निकिता उसळली. "पन थर्माकोल कलंडतं, बुडत न्हाई. धरून तरंगता येतं. ही बोट भर पान्यात भरली तर? एकदम सगळी पोरं आत! कुना-कुनाला केसाला धरून काढनार?"

दीपाने नख तोंडातून काढलं.

"अप्पांना, म्हंजे तुमच्या तात्यांना, एकदा ठरवलं की कुनाचं ऐकू येत न्हाई. घरी पन न्हाई."

"मग घरी कशाला सांगायचं?" निकिता म्हणाली. "गावासमोर सांगू."

"सांगून कोन ऐकतंय?"

"ऐकू नका म्हनावं. बघा म्हनावं! उद्या भाषनं किती वेळ चालतील?"

दीपा पहिल्यांदाच हसली. "अप्पांचं एकट्याचंच संपत न्हाई. शिवाय डेअरीचे चेअरमन येनारेत. गेल्या पंधरा ऑगस्टला त्यांच्या भाषनात दोघांना चक्कर आलेली."

"बास!" निकिता म्हणाली. "मग आपलं काम तेच करत्यात."

*

नारळ फोडायचा दिवस उजाडला. काठावर मांडव, लाऊडस्पीकर, खुर्च्या. ट्रॉलर दोरखंडाने बांधलेला, आणि त्याच्या अंगावर झेंडूचा लांब हार. हाराचं खालचं टोक पाण्याच्या चांगलं हातभर वर झुलत होतं. पल्याडवस्तीची सगळी माणसं तराफ्यांवरून आली होती. सुनीलला मात्र आईने कडेवर घेतलं होतं आणि त्याने तिच्या खांद्यात तोंड लपवलं होतं.

"आधी पोरांना बसवा!" अजिनाथशेठ घाई करत होता. "एक चक्कर मारू, फोटो काढू. भाषनं मागनं!"

"चला रे पोरांनो," तात्यांनी हाक मारली. "निकिता, तू पुढं!"

निकिता पुढे आली. बोटीपाशी गेली. आणि तिथेच, काठावर, मांडी घालून बसली!

"आमी बसनार न्हाई."

तिच्या शेजारी प्रवीण बसला. मग वस्तीची एकेक करून सगळी पोरं बसली. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"काय तमाशा लावलाय?" तात्या कडाडले. "गावानं तुमच्यासाठी बोट आनली आनि तुमी..."

"तात्या, बोटीत बसनार आमी. तुमी काठावर बसनार." निकिताने बोटीकडे हात केला. "मग बोट बघनार पन आमीच. जास्त काय मागत न्हाई. आतला पंप बंद करा आनि तुमची भाषनं होऊ द्या. भाषनं संपेस्तोवर बोट अशीच राहिली, तर मी पहिली बसते. वर तुमची माफी मागते. सगळ्या गावासमोर!"

"पोरांचं काय ऐकता तात्या!" अजिनाथशेठ पुढे धावला. "उशीर होतोय. मला दुसरं गिऱ्हाईक हाय!"

तेवढ्यात मांडवातून कुणीतरी उठलं. ती दीपा होती! ती सरळ येऊन निकिताच्या शेजारी बसली.

"दीपे, ऊठ!"

"न्हाई उठनार, अप्पा. बोट चांगली आसंल तर पंप बंद करायला काय झालं?"

तात्यांचा चेहरा लाल झाला होता. मागून मनकर्णाबाई, निकिताची आई, पुढे आली. सुनील कडेवरच होता.

"माझं एक पोरगं या पान्यानं एकदा नेलंच हुतं," ती म्हणाली. "सरपंच, पंप बंद करा. न्हाईतर वस्तीवरचं एक पन पोरगं बसनार न्हाई."

तात्यांनी अजिनाथशेठकडे बघितलं. अजिनाथशेठने गॉगल पुसायला काढला. तात्यांनी पहिल्यांदाच त्याचे डोळे बघितले असतील.

"कर रे बंद," तात्या हळू आवाजात म्हणाले. "मी भाषन सुरू करतो."

प्रवीण टुणकन बोटीवर चढला, बॅटरीची वायर काढली आणि परत येऊन बसला. गुणगुण थांबली.

आणि भाषणं सुरू झाली! तात्या बोलले. धरण कसं झालं, गाव कसं उठलं, सगळं सांगितलं. लोक जांभया देऊ लागले. पोरं मात्र डोळे फाडून बसली होती. भाषणाकडे नाही, हाराकडे!

हार वीतभर वर होता. मग चार बोटं.

डेअरीचे चेअरमन उठले. "थोडक्यात सांगतो," म्हणाले आणि कागदांची चळत काढली. प्रवीणने आनंदाने निकिताला कोपर मारलं.

"...आनि ही बोट," चेअरमन गरजले, "ही बोट आपल्या गावाचं नाव वर, वर, अजून वर..."

"खाली चाललीय!" एक बारीक आवाज आला.

सुनील! आईच्या खांद्यावरून त्याने तोंड बाहेर काढलं होतं. त्याचं बोट बोटीकडे होतं. "आई, फुलं भिजली!"

सगळे वळले. हाराची खालची फुलं पाण्यावर तरंगत होती! ट्रॉलर मागच्या बाजूने चांगलाच बसला होता.

"लाटा हायेत लाटा! वारं हाय ना..." अजिनाथशेठ म्हणाला. पण धरणाचं पाणी आरशासारखं होतं.

तात्या बोटीवर चढले. मागची पायाखालची फळी उचलली. आत पाणीच पाणी! आतल्या लाकडावर लावलेली पुट्टी सुटून त्यात तरंगत होती. तात्यांनी खिशातली ट्रॅक्टरची चावी काढली आणि लाकडाला टोचली. चावी मुठीपर्यंत आत गेली! लाकूड नव्हतंच ते, नुसता भिजलेला पाव!

तात्यांनी फळी परत जागेवर ठेवली. मग वळले.

"शेठ," ते शांतपणे म्हणाले, "क्रेन बोलवा. हिला जशी आनली तशी घेऊन जा. आनि पुन्हा आमच्या तालुक्यात बोट विकताना दिसलात, तर आधी तुमाला तिच्यात बसवीन. पंप बंद करून!"

मांडवात असला हशा पिकला! अजिनाथशेठ गॉगल लावायचाच विसरला.

तात्या माइकवर आले. "म्या इंजिन ऐकलं. पोरांचं न्हाई ऐकलं," ते म्हणाले. "या तिघांनी आज आपली पोरं वाचवली. निकिता, प्रवीण, दीपा, शाबास! वाजवा टाळ्या!"

टाळ्या थांबेनात. निकिता मात्र उभी राहून हात वर करत होती.

"शाबासकी नको, तात्या!"

"मग काय पायजे?"

"पुढची बोट बघायला आमाला न्यायचं. वाजवून बघितल्याबिगर घ्यायची न्हाई. आनि लाइफ जॅकेट आधी, बोट मागनं!"

"कबूल."

"आनि बोट येईस्तोवर आमी शाळेत कसं यायचं?"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "सुट्टी संपली की पंचायतीचा टेम्पो धरनाला वळसा घालून वस्तीवर येईल. रोज. लांब पडलं तर पडू दे."

"आत्ता तर टेम्पो न्हाई," निकिता म्हणाली. "आत्ता आमी घरी कसं जानार, ते बघायला तरी या."

चिंचओहळचा सरपंच थर्माकोलवर? तात्यांनी पाण्याकडे बघितलं. मग वाकले आणि दोन्ही चपला हातात घेतल्या.

तराफा पाण्यात सरकला. तात्या मधोमध बसले होते, डोळे घट्ट मिटून. पण या वेळी इंजिन ऐकायला नाही!

"डोळे उघडा, तात्या," निकिता वल्हं मारत म्हणाली. "पलीकडच्या बाजूनं बोट बघा."

तात्यांनी एक डोळा उघडला. त्यांना तो काळा पाइप दिसला. नव्या रंगाखालचे फुगवटे दिसले. आणि खूप लांब गेलेला आपल्या गावाचा काठ दिसला.

"इथनं सगळंच दिसतंय की गं," ते म्हणाले आणि मान वळवून बघायला गेले. तराफा डुचमळला.

"तात्या, हलायचं न्हाई!" आईच्या मांडीवरून सुनील ओरडला.

आणि सरपंच गप बसले.