पट्टीवरचे अकरा सेकंद

त्या घरी खरं तर मी जाणारच नव्हते. तक्रार आमच्या दुकानातल्या थोरल्या दादांच्या नावावर होती. पण शिडीवरून उतरताना त्यांची कंबर धरली आणि मालकांनी हत्यारांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"ठिणगी, तू जा. घरात चार कॅमेरे आहेत, रेकॉर्डिंग मध्येच गायब होतंय."

दुकानात मला सगळे ठिणगीच म्हणतात. पहिल्याच दिवशी चुकीची वायर जोडून मी अख्ख्या दुकानाचे दिवे घालवले होते, त्याचं हे बक्षीस.

मी त्या घराची बेल दाबली आणि आत टोले पडायला लागले. एक घड्याळ थांबलं की दुसरं सुरू, दुसरं थांबतंय तोवर तिसरं. दार उघडलं तेव्हाही वाजतच होते. दारात एक उंच, सडसडीत माणूस उभा. एका डोळ्यावर काळं भिंग, दुसऱ्या डोळ्यात भांबावलेपण.

"अकरा वाजले का?" मी विचारलं.

"त्यांच्यात अजून एकमत नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीला आलेली आहेत ना."

मला हसू फुटलं. तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. डोळ्यावरचं भिंग काढायचं राहून गेलंय हे त्याला तेव्हा कळलं.

घड्याळवाला त्या घरात एकटाच राहायचा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. खिडकीशी टेबल, त्यावर चिमटे, इवलेसे स्क्रू, उघडी पडलेली घड्याळं. समोरच्या भिंतीवर लंबकांची घड्याळं, एकाला एक लागून. कॅमेरे त्याच्या ताईने बसवून घेतले होते. ती दूर दुसऱ्या शहरात असते आणि तिथून फोनवर भावाला बघत असते.

"हब कुठे ठेवलाय?" मी विचारलं. चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात साठतं, त्याला आम्ही हब म्हणतो.

त्याने अभिमानाने लोखंडी कपाट उघडलं. आत, शर्टांच्या घडीखाली, हब गुदमरून पडला होता.

"चोरीला जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला लोखंडी कपाटात घालून दार लावलं, तर तुम्हाला बाहेरचं ऐकू येईल का?"

"मला दार उघडं असलं तरी कमीच ऐकू येतं." त्याने मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं. "पण तुमचं येतंय."

हे तो अगदी सरळपणे बोलला. मी हब कपाटावर ठेवला, कॅमेऱ्यांशी जुळवून दिला आणि निघाले. गल्लीच्या वळणावर स्कूटर वळवताना उगाच मागे बघितलं. तो खिडकीत होता.

आठवड्याने पुन्हा तक्रार आली. दादांची कंबर बरी झाली होती. तरी मीच पिशवी उचलली. मालकांनी भुवया वर केल्या, मी स्कूटरला किक मारली.

या वेळचं दुखणं वेगळं होतं. हे कॅमेरे कायम रेकॉर्ड करत नाहीत, नाहीतर हब दीड दिवसात भरेल. समोर हालचाल दिसली तरच ते रेकॉर्ड करतात आणि जोडलेल्या फोनवर सूचना पाठवतात. आता ज्या खोलीत चौदा लंबक दिवसभर डोलतात, तिथे हालचालीला काय तोटा? हब लंबकांनीच भरून वाहत होता. जागा संपली की जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकत होता.

"ताई म्हणते, मला दिवसाला तीन हजार सूचना येतात," तो ओशाळून म्हणाला.

"सोपं आहे." मी त्या कॅमेऱ्याची हालचाल ओळखण्याची पातळी खाली आणली, अगदी तळापर्यंत. "आता लंबकांकडे तो बघणारही नाही."

त्याने मला कॉफी दिली. कप ठेवताना टेबलावरचे स्क्रू तळहाताच्या आडोशाने बाजूला सारले, एकही न सांडता. त्या हातांकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. कॉफीत साखर घालायला तो विसरला होता. मी ती पूर्ण प्यायले.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मात्र त्याचा आवाज बदललेला होता.

झालं होतं असं. एका गिऱ्हाइकाचं खिशातलं जुनं घड्याळ दुरुस्त होऊन परत गेलं होतं. दोन दिवसांनी ते गृहस्थ आले आणि म्हणाले, मला घड्याळ मिळालंच नाही. घड्याळवाला म्हणाला, तुमच्या हातात दिलं. रेकॉर्डिंग बघू म्हणून हब उघडला, तर नेमका तो वेळ कोरा. चार दिवस गल्लीतली माणसं याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होती. पाचव्या दिवशी त्या गृहस्थांच्या कोटाच्या फाटक्या अस्तरातून घड्याळ निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी माफी मागितली. पण ताईचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"ती रविवारी येतेय," तो म्हणाला. "इथून पुढे दुकानाच्या वेळेत रेकॉर्डिंगच्या पट्टीला एक जरी भोक दिसलं, तर गाशा गुंडाळायचा आणि तिच्याकडे राहायला जायचं. माझ्यावर संशय आलेला तिला सहन होत नाही. तिचंही चूक नाही."

"आणि तुम्हाला? जायचंय?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. चौदा लंबक बोलत राहिले.

आम्ही शेजारी शेजारी बसून पट्टी उघडली. रेकॉर्डिंग असेल तिथे निळी रेघ, नसेल तिथे पांढरी मोकळी जागा. सकाळी गिऱ्हाईक आत येतं, निळं. हा टेबलाशी बसतो, आणि पुढे तासन्‌तास पांढरं. मग ते गृहस्थ आलेले दिसतात. खुर्चीत टेकतात, दोघं घड्याळावर वाकतात… पुन्हा पांढरं.

लंबक दिसू नयेत म्हणून मी पातळी तळाला नेली होती. आणि हा माणूस लंबकांपेक्षाही कमी हलत होता. कॅमेऱ्याच्या लेखी ती खुर्ची रिकामी होती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "ते चार दिवस… माझ्यामुळे. मी हे आधीच ओळखायला हवं होतं."

मला वाटलं, तो चिडेल. तो पट्टीकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी हललो नाही, म्हणून मी नव्हतोच?"

"यंत्राला माणूस कळत नाही, हालचाल कळते. हालचाल केली नाही की नोंद होत नाही."

"माणसांचंही तसंच असतं का?"

"बहुतेक…" मी म्हणाले, आणि घाईघाईने पट्टी पुढे सरकवली.

तिथेच मला ते दिसलं. पांढऱ्या लांबलचक जागेत रोज एक छोटा निळा तुकडा. सोमवारी अकरा वाजून दोन मिनिटं. मंगळवारी अकराला पाच कमी. बुधवारीही तेच. हा उठतो, खिडकीशी जातो, गल्लीच्या वळणाकडे बघतो, परत येऊन बसतो. मी दोन्ही वेळा अकरालाच आले होते.

"खिडकीत काय असतं रोज अकराला?" मी शक्य तितक्या कामाच्या आवाजात विचारलं.

त्याचे कान पुन्हा लाल.

"काही नसतं," तो म्हणाला. "म्हणून तर परत येऊन बसतो."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. आम्ही दोघंही तो उचलायला वाकलो आणि डोकी आपटली. एवढ्यात शेजारच्या दुकानातून त्याला हाक आली. कुणाचं तरी घड्याळ पोचवायचं होतं. "आलोच," म्हणून तो कपाळ चोळत गेला.

मी कामाला लागले. या वेळी घिसाडघाई नाही केली. चित्रातल्या लंबकांच्या भिंतीवर चौकट आखली आणि ती भिंत कॅमेऱ्याला वर्ज्य केली. टेबलापुरती पातळी वर नेली, इतकी की चिमटा फिरला तरी नोंद व्हावी. मग चाचणी घ्यायला त्याच्याच खुर्चीत बसले, त्याच्यासारखीच, हूं की चूं न करता. एक चिमटा उचलला. आवाजही तपासायला हवा होता. खोलीत कुणी नव्हतं. चाचणीचा तुकडा मी नंतर पुसणारच होते.

"आवाज तपासणी," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "एक, दोन, तीन. या खुर्चीत बसणारा माणूस मला आवडतो. तो इथून गेला तर मला चालणार नाही. तपासणी संपली."

छान वाटलं. अगदी मोकळं. तेवढ्यात तो परत आला, मालक फोनवर "ठिणगी!" म्हणून त्यालाही ऐकू जाईल असं ओरडले, पुढच्या घरी शिडी लागणार होती… आणि मी निघाले.

तिसऱ्या चौकात मला आठवलं. स्कूटर इतक्या जोरात थांबली, की मागच्या सायकलवाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला.

"जमलं," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. एवढा आनंदी आवाज मी त्याचा ऐकला नव्हता. "कालपासून पट्टी अखंड निळी आहे. मी रात्रीचं जेवण सोडून तिच्याकडे बघत बसलो होतो. नुसती रेघच बघितली, आतलं काही नाही. पण एकही भोक नाही."

"त्यातला… एक छोटा तुकडा मला पुसायचाय. चाचणीचा. अकरा सेकंद फक्त."

"पुसला तर तिथे भोक पडेल?"

"पडेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. तुकडा पुसला तर ताई त्याला घेऊन जाणार. ठेवला तर ताई तो ऐकणार, तोही याच्या देखत.

"तुम्हाला तो नकोच असेल तर पुसा," तो म्हणाला. "ताईशी मी बोलेन. नाही पटलं तिला तर… बघू. पण तुम्हाला अडचणीत आणून मला इथे राहायचं नाही."

काय आहे त्यात, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मी फोन कानाला धरून उभी होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि हसूही.

"राहू द्या," मी म्हणाले. "नका पुसू."

रविवारी ताईने मलाही बोलावलं. काही विचारायचं झालं तर माहीतगार माणूस हवं म्हणून. ताई म्हणजे सहा फुटी भावाला नजरेने खुर्चीत बसवणारी बाई. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा लावला आणि पट्टी सुरू केली. आठपट वेगाने, मधूनमधून बोटाने पुढे ढकलत.

माझा जीव भांड्यात पडला. वेग वाढवला की आवाज येत नाही. गुरुवार सरसर गेला. एक बाई खुर्चीत बसली, चिमटा उचलला, तोंड हललं, उठली. ताई पुढे गेली. शुक्रवार. शनिवार. निळं, निळं, निळं.

"अखंड आहे," ताई म्हणाली. घड्याळवाल्याने इतका लांब श्वास सोडला, की टेबलावरचा कागद उडाला. मी पिशवी उचलली.

"थांब गं." ताईने पट्टी मागे नेली. "गुरुवारी तुझ्या खुर्चीत हीच बसलीय ना, रे? आणि कॅमेऱ्याशी काय बोलतेय?"

"आवाज तपासणी होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मग आवाज ऐकायलाच हवा," ताई म्हणाली आणि वेग साधा केला.

ते अकरा सेकंद इतके लांब होते, की त्यात एखादं घड्याळ उघडून, पुसून, पुन्हा जोडता आलं असतं. मी भिंतीकडे बघत होते. माझाच आवाज, ठणठणीत, एकही शब्द न गाळता. काम चोख केलं होतं मी, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून. "…मला चालणार नाही. तपासणी संपली."

मी दाराच्या मुठीला हात लावला.

ताईने चष्मा काढला. "दुकान इथेच राहू दे," ती भावाला म्हणाली. मग चष्मा पुसत, "पण मला एक सांग. रोज अकराला खिडकीत उभा राहिलेला मी तुला फोनवर बघत होते. मला वाटायचं, पोराला करमत नाही. या मुलीने तर यंत्राला सांगून टाकलं. तू काही हालचाल करणार आहेस, की नुसता बसूनच राहणार?"

तो बसला होता. नेहमीसारखाच, स्थिर. मी मनात तीनपर्यंत मोजलं. मग तो उठला. खिडकीकडे गेला नाही. टेबलाला वळसा घालून सरळ माझ्यासमोर आला, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली, अगदी हळू, आत स्क्रू असल्यासारखी.

"ठिणगी," तो म्हणाला. मॅडम नाही, तुम्ही नाही. "रोज ये ना… अकराला. बिघाड नसला तरी."

मी हो म्हणाले की नुसती मान हलवली, ते आता आठवत नाही.

ताईच्या हातातला फोन टिंग वाजला. तिने पुन्हा चष्मा लावला आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

"हालचाल आढळली."