पक्ष्यांना दात नसतात

“ओ शेजारी! तो पक्षी आमचा आहे!”

कुंपणापलीकडचा माणूस दचकला. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल आणि समोर फांदीला टांगलेली एक बाटली. त्या बाटलीला लटकून तिचा शिंजीर – अंगठ्याएवढा, जांभळा, वाकड्या चोचीचा – साखरपाणी पीत होता. अगदी मजेत! इकडे ती रोज पाणी उकळायची, गार करायची, त्याच्यासाठी बाटली घासायची... आणि हा मेला ओळखसुद्धा दाखवत नव्हता.

त्याने तोंडातला फेस थुंकला. “तुमचा? नाव कुठं घातलंय?”

“शेपटीतलं एक पीस वाकडं आहे. बघा नीट.”

“हो की! पण मग त्यालाच रागवा ना. मी काही बोलवायला गेलो नव्हतो.”

“आणि बाटली काय शोभेला टांगलीत?”

तो हसला. दात शुभ्र, एका ओळीत. तिला त्या दातांचाही राग आला.

घरी मावशीकडून कळलं की हा नवा भाडेकरू दातांचा डॉक्टर. एकटाच राहतो, पुढच्या खोलीत दवाखाना थाटलाय. हे ऐकून तर तिच्या रागाला धारच चढली. दिवसभर लोकांना ‘साखर सोडा’ म्हणून दरडावायचं, आणि सकाळी उठून दुसऱ्यांचे पक्षी साखर पाजून फितवायचे? लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसऱ्या दिवशी तिने हे कुंपणावरून ऐकवलंच.

“पक्ष्यांना दात नसतात,” तो शांतपणे म्हणाला. “त्यांच्या बाबतीत मी मोकळा आहे.”

ती पाय आपटत घरात आली, आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. मग हसू आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

त्यानंतर सकाळचं भांडण ठरूनच गेलं. कधी त्याने बाटली उन्हात टांगली म्हणून, कधी मुंग्या लागल्या म्हणून. एकदा तर ती बाटली गुळण्यांच्या लाल औषधाची निघाली म्हणून! मावशी भाजी निवडता निवडता सगळं ऐकायची.

“अगं ठिणगे, हल्ली भांडायला जाताना वेणी घालून जातेस.”

“मग काय केस पिंजारून जाऊ?”

“नाही गं. मी आपलं सहज म्हटलं.”

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं तिचं काम. काचेवर ठिपका दिसला की हात शिवशिवायचे. दुकानाची ही सवय घरीही आली होती. कामाला निघण्याआधी बैठकीची मोठी खिडकी पुसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्या दिवशीही तिने काच लख्ख केली, पायात चपला सरकवल्या, बाहेर आली... आणि थबकली.

खिडकीखालच्या पायरीवर शिंजीर पडला होता. चोच उघडी, डोळे मिटलेले, शेपटीतलं पीस वाकडं.

तिने पर्समधली चष्म्याची डबी रिकामी केली, मऊ फडक्यावर त्याला अलगद ठेवलं आणि थेट शेजारच्या दवाखान्यात घुसली. खुर्चीत गाल सुजलेले एक गृहस्थ आ वासून बसले होते.

“काय पाजलंत तुम्ही याला? औषधाची बाटली! मी तेव्हाच बजावलं होतं!”

“बाटली धुऊन, उकळून घेतली होती हो. आत फक्त साखर–”

“मारलात तुम्ही माझा पक्षी!” तिचा आवाज फाटला. डोळे भरून आले, आणि याच्यासमोर भरून आले याचा आणखी संताप आला.

त्याने हातमोजे काढले, डबीत वाकून पाहिलं. “श्वास चालू आहे.” कापसाच्या खोक्यात पक्षी ठेवून त्याने झाकण लावलं. “आता याला अंधार हवा, ऊब हवी आणि शांतता. शांतता म्हणजे... तुम्हीसुद्धा.”

एरवी तिने याचं उत्तर दिलंच असतं. पण ती गप्प बसली. गालवाले गृहस्थही बिचारे गाल धरून गप्प बसले. ऊब मिळावी म्हणून त्याने खोक्यावर अलगद हात ठेवला होता. लोकांचे दात उपटणारा हात! तिची नजर त्यावरून हलेना.

“सापडला कुठं?” त्याने हळूच विचारलं.

“बैठकीच्या खिडकीखाली.”

तो घुटमळला.

“काय झालं? बोला ना!”

“तुमच्या त्या खिडकीला काच आहे हे मला अजून खरं वाटत नाही. नुसती बागच दिसते तिच्यात.”

तिला उमगलं. पक्ष्यालाही बागच दिसली असणार. “म्हणजे... मीच?”

तेवढ्यात खोक्यात खुडबुड झाली. मग एक बारीकशी, चिडकी ‘चिक्’!

खोकं घेऊन दोघं बाहेर धावले. त्याने झाकण उघडलं. शिंजीर क्षणभर काठावर बसला, पंख झाडले, आणि भुर्रकन उडाला. तिच्या बाटलीकडे नाही, त्याच्याही नाही. सरळ कोपऱ्यावरच्या जास्वंदीकडे.

“दोघांनाही टांग दिली की,” तो म्हणाला.

ती हसली नाही. “चुकलं माझं,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला नको ते बोलले. त्या काचेला आता फडकं लावणार नाही.”

“माझंही चुकलंय.” त्याने मान खाली घातली. “ती बाटली खरं तर... तुम्ही रोज सकाळी त्या पक्ष्याशी बोलायचात. वाटलं, तो इकडे आला तर मागोमाग तुम्ही याल. भांडायला का होईना.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती कानापर्यंत लाल झाली.

“म्हणजे साखरपाणी मला घातलंत?”

“...हो.”

“आणि मी वेडी रोज येत होते! सरळ बोलता येत नव्हतं? दिवसभर लोकांना ‘आ करा, आ करा’ म्हणता, मग स्वतःचं तोंड उघडायला काय झालं होतं?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“दुखेल याची.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. राग होता तिथेच होता, पण आता तो गेला नाही तरी चालणार होतं.

“नाही दुखणार,” ती म्हणाली, रागानेच. “आ करा.”

“मला तुम्ही आवडता,” तो एका दमात बोलून गेला. “रागावता तेव्हा तर... जरा जास्तच.”

“मग,” ती म्हणाली, “जन्मभर आवडेन.”