मेन बंद होता

गोखिवऱ्याच्या त्या क्लासमध्ये ऋतिका पहिल्यांदा बसली तेव्हा माऊस की-बोर्डच्या डावीकडे ठेवलेला होता. आधीच्या माणसाने विसरून ठेवला असेल, असं समजून तिने तो उचलून उजवीकडे घेतला.

"तो तिकडेच राहू द्या," मागून आवाज आला.

मागे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. खांद्यावर बॅग, उजवा हात जीन्सच्या खिशात.

"कॉम्प्युटर क्लासचा आहे ना?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटर क्लासचा. माऊसची बाजू माझी."

त्याने हात खिशातून बाहेर काढला. मनगटापासून पुढची कातडी चकचकीत, चुरगळलेली. दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिलेली. ऋतिकाला कुठे बघावं कळेना.

"बघा खुशाल," तो म्हणाला. "दुखतो तो हात. पण बघितल्याने जास्त दुखत नाही."

तो मेलरॉय. वटार गावचा. पूर्वी एका कारखान्यात वायरमन होता. आता स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही म्हणून विजेच्या पॅनलची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायला शिकत होता. ऋतिकाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होऊनही ती एका दवाखान्याच्या काउंटरवर बसून नंबर पुकारत होती, आणि तिला त्याचा वीट आला होता. मशीन कमी, मुलं जास्त, म्हणून शिकवणाऱ्या मीरा मॅडमनी दोघांना एकाच कॉम्प्युटरवर बसवलं.

पावसाळा सरत आला होता. संध्याकाळी अजूनही एखादी सर पत्र्यावर वाजून जायची, आणि मॅडमचा आवाज तिच्यात बुडायचा. मग दोघांनी एकमेकांना विचारत शिकायचं. तो हळू होता. डाव्या हाताने रेघ ओढताना ओठ दाबून धरायचा. ती भराभर जायची आणि चुकायची.

"इतकी घाई कशाला?" तो एकदा म्हणाला. "तुमची बस सुटणार आहे का?"

"तुम्ही दिवसाला एक रेघ काढता. माझं वय होईल."

"झालं तर बरंच. मग तरी निवांत बसाल… माझ्या शेजारी."

ती स्क्रीनकडेच बघत राहिली, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

मॅडमनी रिले, म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच, शिकवला त्या दिवशीची गोष्ट. रिलेची कॉइल एका पानावर काढायची, तिचा कॉन्टॅक्ट भलत्याच पानावर. नाव मात्र एकच द्यायचं. मग सॉफ्टवेअर आपणहून ओळखतं की ही दोघं एकमेकांची आहेत.

"म्हणजे बघ," मेलरॉय हळूच म्हणाला, "इकडे कॉइलमध्ये जीव आला की तिकडे तो हलतो. मधे कितीही पानं असू देत."

"तुम्ही आत्ता मला 'बघ' म्हणालात."

"चुकून."

"राहू दे," ती म्हणाली. "दुरुस्त करू नकोस."

त्यानंतर अहो-जाहो संपलं. क्लास सुटला की दोघं कोपऱ्यावर चहा घ्यायची. तो तिला पोहोचवायला सोसायटीच्या वळणापर्यंत यायचा, त्यापुढे नाही. वरच्या गॅलरीत तिचे वडील, चंद्रहास, झाडांना पाणी घालत उभे असायचे.

त्यांनी एकदा विचारलंच. तिने सांगितलं. ते बराच वेळ झाडांची सुकलेली पानं खुडत राहिले.

"मुलगा चांगला असेल," ते म्हणाले. "पण त्याच्यामागे काय आहे ते तुला पुरतं माहीत आहे का?"

नव्हतं. एवढंच माहीत होतं, की अभ्यासक्रमात नसलेलं एक पॅनल तो गुपचूप काढत असतो आणि कोणी जवळ आलं की फाइल बंद करतो. एका संध्याकाळी तिने सरळ विचारलं.

त्याने बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाला, "रॉबर्टचं आहे."

रॉबर्ट त्याचा लहानपणापासूनचा मित्र. वटारला घराला घर लागून, कामालाही एकाच कारखान्यात. गेल्या वर्षी हे दोघं मोठ्या पॅनलचं काम करत असताना आत स्फोट झाला. रॉबर्ट जागच्या जागी गेला. त्याला ओढताना मेलरॉयचा हात भाजला. कारखान्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं, की मेन स्विच बंद न करताच रॉबर्टने आत हात घातला. पॅनल काढून भंगारात टाकलं.

"मेन बंद होता," मेलरॉय म्हणाला. "माझ्यासमोर त्याने खाली ओढला. टेस्टर लावून बघितला. मग मागच्या शेडमध्ये जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी हाक मारेपर्यंत…" त्याने मान खाली घातली. "त्याची वीज याच पॅनलमध्ये यायची. ड्रॉइंगमध्ये तो जनरेटर हाताने सुरू करायचा होता. नंतर कोणीतरी तो आपोआप सुरू होईल असा जोडला, आणि ड्रॉइंग तसंच राहिलं. त्याच वेळी बाहेरची वीज गेली असणार. नशीब."

"हे त्याच्या घरी सांगितलंस?"

"त्याच्या आईला, क्लारा मावशीला, दहादा सांगितलं. तिला वाटतं, मी मैत्रीखातर बोलतो. म्हणून काढतोय. जसं होतं तसं."

ऋतिकाने खुर्ची जवळ ओढली. दोघं मिळून काढू लागली. तो डोळे मिटून आठवायचा, ती काढायची. वीज गेल्याचं ओळखून जनरेटरला चालू करणारा रिले आला तेव्हा तिचा हात थांबला.

"याची वायर कुठून घेतली होती? मेन स्विचच्या वरून की खालून?"

"आठवत नाही. काय फरक पडतो?"

"वरून असती तर तिथे बाहेरची वीज येतच राहते, मेन बंद केल्यावर याला काहीच कळलं नसतं…" ती बोलता बोलता विचार करत होती, नेहमीसारखी घाईने. "तुम्ही काम करत होतात तेव्हा शेजारच्या खात्यातले दिवे चालू होते?"

"होते. तिथूनच तर लोक धावत आले."

"मग बाहेरची वीज गेलीच नव्हती. वायर खालून होती. मेन बंद केला, रिलेला वाटलं वीज गेली, आणि त्याने…"

ती थांबली. फार उशिरा थांबली.

मेलरॉयचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मीच म्हणालो होतो त्याला," तो म्हणाला. "आधी मेन बंद कर, रॉबी."

त्याने बॅग उचलली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यातही नाही. फोन उचलला नाही. ऋतिका त्या कॉम्प्युटरवर एकटी बसायची. माऊस डावीकडेच असायचा, आणि ती अवघडून डाव्या हाताने काम करायची. जे आपण हुशारीने शोधून काढलं त्याने मेलरॉयचा उरलासुरला आधारही काढून घेतला, हे तिच्या मनातून जाईना. तरी तिने ड्रॉइंग पुरं केलं. अर्धवट ठेवणं तिला जास्त वाईट वाटलं. मग ते छापून घेऊन ती रविवारी वटारला गेली.

तो केळीच्या वाडीत बांधावर बसला होता. नुकती सर येऊन गेली होती, पानांवरून पाणी ठिबकत होतं. तिला बघून तो उठला नाही, पण सरकून जागा केली.

"तू त्याला जे सांगितलंस," ती म्हणाली, "तेच मी सांगितलं असतं. मीरा मॅडमनीही तेच सांगितलं असतं. ते बरोबरच होतं, मेलरॉय."

"बरोबर होतं म्हणून तर तो मेला."

तिने छापलेला कागद बाहेर काढला. ती त्याच्या शेजारी बसली. त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"मावशीला हेसुद्धा सांगायचं?"

"तू ठरव."

क्लारा मावशी ओसरीवर शेंगा सोलत होत्या. भिंतीवर रॉबर्टचा फोटो, त्याला ताजा मोगरा. मेलरॉयशी त्या घरच्या बोलीत बोलल्या, ऋतिकाकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "बस, पोरी."

मेलरॉयने कागद ऋतिकाकडे सरकवला. तिने तो पसरला आणि बोट ठेवत सांगू लागली. हा मेन. हा त्याने बंद केला. इथे टेस्टर लावला, वीज नव्हती. हा रिले, हा जनरेटर. ती तिथे थांबणार होती. पण मावशींचं बोट रिलेवरून मागे सरकलं, हळूहळू मेनपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"म्हणजे हा बंद केला," त्या म्हणाल्या, "म्हणून तो चालू झाला."

मेलरॉयने कागदावरून नजर उचलली.

"हो, मावशी," मेलरॉय म्हणाला. "मीच सांगितलं होतं बंद करायला."

मावशींनी पदराने डोळे टिपले नाहीत. ते कोरडेच होते. "चर्चच्या दारात बायका मला धीर देतात," त्या म्हणाल्या, "आणि पाठ वळली की म्हणतात, पोरगं बेफिकीर होतं. मीही तसंच समजले. वर्षभर त्याच्यावर रागावले मी. मेलेल्या पोरावर." त्यांनी मेलरॉयचा भाजलेला हात ओढून मांडीवर घेतला. "त्याने तुझं ऐकलं ना? कधी कोणाचं ऐकायचा नाही तो. तुझं ऐकलं. बरं केलं."

मग मात्र मेलरॉय रडला. ऋतिका उठून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

तो तिच्याबरोबर बसच्या थांब्यावर आला. अंधारून आलं होतं, वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता.

"मी सोबतीला सोपा माणूस नाही," तो म्हणाला. "झोपेत ओरडतो. जनरेटर वाजला की रस्ता सोडतो. लग्नाच्या वरातीतसुद्धा."

"माहीत आहे."

"तुला चांगलं कोणी मिळेल."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आणि आता चांगलं कोणी मिळालं तरी त्याच्याशी मी काय बोलू?"

तो किंचित हसला, मग ते हसू गेलं. "मलाही…" एवढंच म्हणाला आणि रस्त्याकडे बघत राहिला. "मलाही. केव्हापासूनच."

तिचा फोन वाजला. वडील होते.

"बाबा, मी वटारला आहे. मेलरॉयबरोबर." तिने श्वास घेतला. "त्याच्यामागे काय आहे ते मला आता माहीत आहे. आणि मला तोच हवा आहे."

पलीकडे खूप वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला.

"आईला मी सांगणार नाही," चंद्रहास म्हणाले. "ते तूच सांग."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मेलरॉयने विचारलं.

"आईला मीच सांगायचंय."

"मग?"

"मग सांगेन," ती म्हणाली. "तू बरोबर ये."

लांबवर वळणाशी बसचे दिवे दिसले. तो खिशात सुट्टे पैसे चाचपू लागला, दोन तिकिटांचे.