काळ्या मार्करचे उपकार

"पुसून देऊ?"

मागून मराठी आवाज आला आणि जहूरभाईंशी चाललेलं माझं भांडण अर्ध्यात थांबलं.

१९९५. अबुधाबीतलं जहूरभाईंचं कॅसेटचं दुकान. हातात 'कोल्ड केटल्स'ची कॅसेट — सत्त्याहत्तर सालापासून लंडनमध्ये बोंबलणारा पंक बँड. तीन पुरुष आणि बेस वाजवणारी एकटी नोरा. कव्हरवर ते तिघे बाप्ये उघडेबंब, जसेच्या तसे! तिथल्या सेन्सॉरनं काळा मार्कर फासलेला फक्त नोराच्या दंडांवर.

"मॅडम, माल ऐसा ही आता है," जहूरभाई कुरकुरले.

"नेलपॉलिश रिमूव्हरनं जातं," तो उन्हानं रापलेला मुलगा म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? लावता वाटतं?"

"बहिणीला लावून द्यायचो... ती साताऱ्यात, मी इथे."

पाऊसबिऊस नव्हता हो. वरच्या एसीचं पाणी टप्... टप्... त्याच्या खांद्यावर पडत होतं आणि हा जागचा हलत नव्हता.

नाव दर्शन. साइट सुपरवायझर. कॅसेट घेऊन गेला आणि पुढच्या शुक्रवारी परत आणली. नोराचे दंड मोकळे, जरासे खरवडलेले.

"रिमूव्हर मागितलं तर सेल्सगर्ल हसली," तो म्हणाला. "रूमवरचे सगळे अजून हसतायत."

मीही हसले. तिथेच फसले.

हा बँड वर्षभरात संपणार, असं सगळे म्हणायचे. ड्रमर पळाला, गिटारवाला वारला, कंपनीनं हाकललं — तरी दोन-तीन वर्षांनी नवा अल्बम हजर! दरवेळी नोरा, दरवेळी मार्कर, दरवेळी दर्शनचा कापसाचा बोळा. पुसून झालं की म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या अल्बमला भेटू."

गाढव! सात वर्षं तेच वाक्य. आणि साऱ्या दुकानाशी भांडणारी मी त्याच्यापुढे मुकी.

२००२. बाबा म्हणाले, "अनु, शुक्रवारी पुण्याहून मुलगा येतोय. खलास, आता नाही म्हणायचं नाही."

गुरुवारी नवी सीडी आली. दर्शन खिशात रिमूव्हरची बाटली घेऊन हजर. मी कव्हर पाहिलं... नोराचे केस पिकलेले, दंड सैल, तसेच उघडे. आणि मार्कर? नाहीच!

"म्हातारी झाली म्हणून सोडली!" मी ओरडले. "आता हिच्याकडे कोण बघणार, असंच ना? बोल की काहीतरी!"

तो बाटली नुसती फिरवत राहिला.

"मग आता... मी काय पुसू?"

"म्हणजे?"

"मार्करच्या जिवावर भेटत होतो, अनु. आता काय सांगून येऊ?"

टप्... टप्... तोच एसी, तोच खांदा.

"उद्या मला बघायला मुलगा येतोय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं बाटली जहूरभाईंच्या काउंटरवर ठेवून दिली.

"मी त्याच्या आधी येतो. बाबांना सांगतो की..."

"की?"

"की मला तू आवडतेस. नोरापेक्षा... थोडी जास्त."

"थोडी?"

"यल्ला भाई, पूरा बोल दो!" जहूरभाई खेकसले.

बोलला. दुसऱ्या दिवशी बाबांसमोरही बोलला. पुण्याचा मुलगा बिचारा चहा पिऊन गेला.

केटल्स अजून वाजवतायत. आमच्या भिंतीवर नोरा आहे, खरवडलेली, हसरी. बाई, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आणि तुला काळं फासणारा तो कोण होता, त्याच्यावर मी आजही चिडलेली आहे... पण त्यालाही, हबीबी, थँक यू.